उन्हात अडणारं दार

— नाही, नाही, तो रंधा आधी खाली ठेवा. ठेवा हो! आल्या आल्या दाराला हात घालायचा नाही, आधी मी काय सांगते ते ऐकायचं आणि मग तासायचं की नाही ते ठरवायचं. मागच्या वेळी तुम्ही असेच आलात, काही विचारलं नाहीत, दार उतरवलंत, सरसर तासलंत, परत चढवलंत आणि म्हणालात, झालं वहिनी, आता लोण्यासारखं फिरेल. फिरलं की! मी कुठे नाही म्हणते? आभाळ भरून आलं होतं तेवढे दिवस छान फिरलं. ऊन पडलं आणि पुन्हा जिथल्या तिथे. त्याच्या आधीच्या वेळी तुमचं म्हणणं होतं, बिजागरी सैल झालीय. बिजागरी बदलली. आज काय सांगणार आहात, चौकट रुसलीय? — हसू नका, मी विनोद करत नाहीये. बरं, हसा, पण बसून हसा. ते स्टूल घ्या. मुद्दाम दुपारीच बोलावलंय तुम्हाला, सकाळी येतो म्हणत होतात ना तुम्ही, मीच नको म्हटलं. सकाळी हे दार शहाण्या बाळासारखं वागतं. त्याची खोडी दुपारची आहे. ढकलून बघा. — ढकला ना, घाबरता काय? खांदा लावा. — हां. तुमच्यासारख्या धडधाकट माणसाला खांदा लावावा लागतो, आणि मी काल या पोरीला एका काखेत घेऊन… नाही, काल ही काखेत नव्हतीच. तीच तर भानगड आहे.

ठके, काकांची पेन्सिल सोड. सोड म्हटलं ना! — ठकी म्हणतो हिला, खरं नाव मोठं आहे, शाळेत गेली की वापरू. रांगायला लागल्यापासून घरात एक वस्तू जागेवर नाही. माझ्या हाताकडे बघताय ना मघापासून? बघा, बघा, लपवण्यासारखं काही नाही. सुरीने कापलेलं नाही, खिडकीच्या काचेने कापलंय. काल भर दुपारी हिला या खोलीत सतरंजीवर ठेवलं आणि वाळत घातलेलं दुपटं आणायला मागच्या अंगणात गेले. एवढंच. किती वेळ लागतो दुपटं ओढायला? वाऱ्याने दार लोटलं गेलं. लोटलं म्हणजे कडी नाही लागली बरं का — कडी लागली असती तर मीच मूर्ख ठरले असते, आणि ते मला चाललं असतं, सवय आहे — कडी नाही, कुलूप नाही, नुसतं चौकटीत जाऊन बसलं आणि घट्ट झालं. भिंतीत दार रंगवलं असावं तसं. मी ढकललं, लाथ मारली, शेजारच्या वहिनी शाळेत शिकवतात, काल सुट्टी म्हणून घरी होत्या, त्या धावत आल्या, दोघींनी मिळून धडका दिल्या. आत ही रडतेय. आधी नेहमीचं रडणं, मग ते आवाज बसल्यासारखं रडणं, मग रडणं बंद. तुम्हाला मुलं आहेत? — मग तुम्हाला सांगायला नको. रडण्याची भीती नसते, ते थांबण्याची असते. मी मागून गेले आणि इस्त्रीने खिडकी फोडली. हो, इस्त्रीने, हाताला तीच लागली. आत उडी घेतली तेव्हा काय दिसलं असेल? महाराणी कोपऱ्यात पालथ्या पडून गाढ झोपल्या होत्या. काचा हिच्यापासून वीतभर लांब. एक वीत!

आणि संध्याकाळी तुमचे साहेब घरी आले. तुमचे साहेब म्हणजे माझा नवरा, पण आज मला त्यांना माझं म्हणवत नाही. तुम्ही आल्यापासून साहेब-साहेब करताय, तर राहू देत तुमचेच. आले, फुटकी खिडकी बघितली, माझा हात बघितला, हिला उचलून छातीशी धरलं — तेवढं केलं, खोटं कशाला बोलू — आणि मग दाराकडे गेले. एका बोटाने लोटलं. एका बोटाने! उघडलं. बंद केलं, पुन्हा उघडलं. उघड-झाप, उघड-झाप, दुकानात कपाट विकणारा माणूस दाखवतो ना, तसं. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “हे बघ. उघडतंय की.” उघडत तर होतं. मग त्यांचं ते समजुतीचं बोलणं — हवेत दमटपणा असतो ग, लाकूड फुगतं, उद्या सुताराला पाठवतो, तू जरा झोप काढ. झोप काढ! या घरात काहीही झालं की उपाय एकच. नळ गळतोय? झोप काढ. दार अडतंय? झोप काढ. जमीन हलतेय? तू झोपली नाहीस म्हणून तुला हलल्यासारखी वाटतेय.

आता मला सांगा. तुम्ही सुतार, आयुष्य लाकडात गेलं तुमचं, मी काही सुतार नाही. लाकूड फुगतं ते कधी? — दमट हवेत. बरोबर. पावसात, मळभ असताना. आणि आकसतं कधी? — कोरड्या हवेत, उन्हात. बरोबर ना? मग हे दार काय उलट्या पायांचं आहे? मळभ असलं की झोके घेतंय आणि लख्ख ऊन पडलं की अडतंय? नुसतं ऊन पडूनही अडत नाही. ऊन चढेपर्यंत काही नाही, माथ्यावर आलं की वरचा हा कोपरा घासायला लागतो, मग खालचा तो, आणि दुपार कलली की हळूहळू सुटतं. मी रोज बघतेय. दुसरं करते काय? बाळाला पाजायचं, बाळाला थोपटायचं आणि दाराकडे बघायचं. आणि चौकट बघा ना. वर बघा. भिंत आणि चौकट यांच्यात ती भेग, इकडे केसाएवढी, तिकडे नख जाईल एवढी. लाकूड फुगलं असतं तर भिंत कशाला फाटेल? दार फुगलेलं नाही हो. चौकट तिरकी होतेय. आणि घराची ही बाजू वर उचलली गेल्याशिवाय चौकट तिरकी होत नाही. रोज दुपारी हे घर मागच्या अंगाने उचललं जातंय आणि रात्री परत खाली बसतंय. — असं बघू नका. माझ्याकडे सगळे असेच बघतात आताशा.

तुम्ही कधी काचघरात गेलायत? त्या टेकाडापलीकडे चकाकतं ते? आत नसाल गेला. सुताराचं तिथे काय काम, सगळं काच आणि लोखंड. मी होते तिथे. हो, मी! या ठकीच्या आधी मला एक नोकरी होती, हे घरात बाकी सगळे विसरलेत, तुम्हीच का लक्षात ठेवाल? पोट हाताला अडायला लागेपर्यंत जात होते रोज. मोठ्ठं काचेचं घर, छपरापासून आरसे टांगलेले, पातळ, वाकवलेले, वारा लागला तर फाटतील असे — म्हणून तर काचेत ठेवलेत, धूळ नको, वारा नको. सूर्य सरकला की आरसे सरकतात आणि सगळं ऊन एका नळीवर टाकतात. नळीत पाणी. त्या पाण्याची वाफ होते, आणि ती वाफ थेट जमिनीत. खालचं तेल डांबरासारखं आहे, घट्ट, नुसतं उपसून येत नाही. थंडीत मधाची बाटली उलटी केली तर टिपूस पडत नाही, मग आपण ती गरम पाण्यात ठेवतो ना? तस्संच. वाफ खाली सोडायची, तिला मुरू द्यायचं, तेल पातळ झालं की ओढायचं. पूर्वी ही वाफ करायला गॅस जाळायचे, ढीगभर. आता दिवसाउजेडी ऊनच करतं ते काम. मला ते फार आवडायचं हो. माझा भाऊ चिडवायचा, म्हणे सूर्य वापरून तेल काढता म्हणजे भिकाऱ्याकडून उसनं घेऊन सावकाराला देता, आणि मी त्याच्याशी जेवणाच्या ताटावर भांडायचे, की जाळायचंच आहे तर कमी जाळलेलं बरं की नाही? अजूनही भांडेन. वाफेचा काही दोष नाही. वाफ बिचारी जिकडे वाट मिळेल तिकडे जाते.

वाट कोण देतं, हा प्रश्न आहे. ठके, तोंडात काय घातलंस? भुसा? थू कर. थू! — हं. तर वाट. लख्ख दुपारी काचघर इतकी वाफ करतं की ती जमिनीत सोडायच्या विहिरींना झेपत नाही. झेपत नाही तर काय करायचं? सोपं आहे, थोडे आरसे उन्हाकडून फिरवायचे, पाठ करून उभे करायचे. आम्ही करायचो की, मी स्वतः केलंय. पण आता कचेरीत भिंतीवर तो पडदा लावलाय मोठा. आज किती ऊन पडलं आणि त्यातलं किती कामाला लावलं. आरसे फिरवले की तो आकडा खाली येतो आणि वरचे लोक लांबून फोन करतात, अहो, डोक्यावर एवढं ऊन असताना आरसे झोपलेत का? आणि तुमच्या साहेबांना, वाफेचे मुख्य ते, त्यांना तो आकडा खाली आलेला खपत नाही. वाया घालवणं त्यांना जमतच नाही, घरात दिवा जळत राहिला तर जेवणावरून उठतात. मग दुपारची जास्तीची वाफ कुठे घालायची? तर मागची विहीर. या कंपनीच्या घरांच्या रांगेमागे, कुंपणापलीकडे, तो लाल नळ दिसतो ना वर आलेला? तीच. उथळ आहे ती. बाकीच्या खोल, ही उथळ. उथळ जमिनीत वाफ दाबली की जमीन फुगते — तुम्ही म्हणाल बाई काहीही बोलते — फुगते हो, पुस्तकात आहे, मोजतात ती किती फुगली ते. आणि त्यात ही जमीन म्हणजे चाळण. आजोबा-पणजोबांच्या काळात इथे कोणी कुठेही भोकं पाडून तेल काढलंय आणि संपलं की भोकात हाताला येईल ते कोंबून निघून गेलेत. दगड, लाकूड, माती. वर घरं बांधली. कुठलं भोक कुठे, कोणाला ठाऊक? वाफेला मात्र बरोबर सापडतं.

हे सगळं मी त्यांना सांगितलं नाही असं वाटतंय का तुम्हाला? सांगितलं. आधी शांतपणे सांगितलं, कागदावर चित्र काढून. मग रडून सांगितलं, ती माझी चूक झाली. बाई रडली की तिचं चित्र कोणी बघत नाही. मला डॉक्टरकडे नेलं. दवाखान्यातले डॉक्टर, भले गृहस्थ, ठकीचे गाल ओढले, माझी नाडी बघितली आणि मला नाही, यांना सांगितलं, बाळंतपणानंतर होतं असं, पहिलटकरणीला सगळीकडे संकट दिसतं. मी समोर बसलेय! सासूबाई फोनवर म्हणाल्या, आम्ही एवढी मुलं वाढवली, आमच्या दारांनी नाही कधी त्रास दिला. आणि खरं सांगू — कोणाला सांगू नका — मला पटलं ते. पटायला लागलं. रात्री-अपरात्री उठून, डोळ्यांत वाळू पडल्यासारखं झालेलं, वरणात साखर घातली मी एकदा, ठकीचं झबलं फ्रीजमध्ये सापडलं. अशा बाईने म्हणायचं, घर वर उचललं जातंय? मीच माझ्यावर विश्वास ठेवला नसता. म्हणून काल, त्या वहिनी आल्या ना धावत, आणि त्यांनीही खांदा लावला, आणि त्या म्हणाल्या, “अग बाई, हे खरंच अडलंय ग” — तेव्हा, आत माझी मुलगी रडत असताना, मला… बरं वाटलं. हो. आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. की चला, कोणीतरी बघितलं. मी वेडी नाही. दाराच्या या बाजूला उभी राहून मी खूश झाले, आणि त्या बाजूला ती — हे का सांगतेय मी तुम्हाला? तुम्ही सुतार आहात. तुमच्याशी दाराचं बोलायचं. बघा, आईला कसलीच शुद्ध नसते म्हणतात ते काही अगदी खोटं नाही.

थांबा. ही रेघ कसली मारलीत?

नाही, मी बोलत होते आणि तुम्ही गुपचूप रेघ मारलीत, बघितलं मी. खालच्या बाजूला. एवढी वर? अहो, घासतंय ते वरच्या कोपऱ्यात, आणि खाली तुम्ही दोन बोटं कापणार? खालून मांजर जाईल! आणि ही वरचीही रेघ — वरूनही दोन बोटं? आणि कडेनेसुद्धा? मग दार राहिलं काय, फळी राहिली. आज घासतंय किती? कागदाच्या जाडीएवढं. त्याला एवढं कापायचं, असं कोणत्या सुताराने शिकवलं तुम्हाला? —

काय म्हणालात?

साहेबांनी सांगितलं. दोन बोटं सांगितली? त्यांनी स्वतः? — बोटं धरून दाखवली. अशी. आणि का, ते नाही सांगितलं? — “पुढेमागे पुन्हा यायला लागू नये म्हणून.” असं म्हणाले. पुढेमागे. बरं. मला जरा बसू द्या. ते स्टूल — नाही, बसा तुम्ही, मी हिला घेऊन उभीच बरी.

दमटपणासाठी कोणी दोन बोटं मागत नाही हो. दमटपणा रंध्याच्या एका फटक्यात जातो. दोन बोटं तो माणूस मागतो ज्याला माहीत आहे की आज कागदाएवढं अडतंय ते पुढे किती अडणार आहे. त्याने मोजलंय. हिशेब केलाय, जमीन इथवर येणार आणि इथे थांबणार, म्हणून दारं आधीच छाटून ठेवा. बसून मांडलंय त्याने, पेन्सिलीला टोक करून, मी ते चित्र काढून दाखवलं त्याच्यानंतर — नाही, कदाचित त्याच्या आधीच! माझ्या चित्राकडे बघून मान हलवत होता तेव्हा त्याच्या खिशात त्याचं स्वतःचं चित्र होतं. आणि मला डॉक्टरकडे नेलं! गाडीत माझा हात हातात धरून नेलं. म्हणाला, मी आहे ना. आणि मी रडत म्हटलं, हो, तू आहेस म्हणून बरं. — एक विचारू? खरं सांगा. फक्त आमचंच दार आहे का आज? की… शेजारच्यांचंही. आणि त्याच्या पलीकडचं? ही सगळी रांग. मागची रांग तेवढीच, पुढची नाही. आणि बाकीच्या घरांत काय कारण सांगायचं ठरलंय? दमटपणा! छान. आणि मला काही सांगू नका म्हणाले असतील. — खाली बघू नका. म्हणाले ना? “वहिनी घाबरतात.” हो, घाबरते मी! घाबरण्यासारखंच आहे म्हणून घाबरते! घरात एकाला तरी घाबरायला नको? त्याने सगळी अक्कल त्या पडद्यावरच्या आकड्याला दिली, मग भीती माझ्या एकटीच्या वाट्याला आली, आणि वर ती मलाच दुखणं म्हणून लावली. अंगारा फासावा तशी फासली. आणि काही वाईट माणूस नाही हो तो, हीच तर बोंब आहे. दारू पित नाही, हात उगारत नाही, मुलीचे लंगोट धुतो. हिशेब चुकत नाही त्याचा. कधीच चुकत नाही. म्हणून तर त्याला वाटतं की जमीन त्याच्या हिशेबाने थांबेल.

थांबा, मी त्यालाच फोन लावते. तुमच्यासमोर लावते. तुम्ही साक्षीदार. — वाजतोय. — वाजतोय. — कापला. बघा, कापला! भर दुपार, त्याच्या आकड्याची वेळ, आता बायकोचा फोन कोण घेतंय? पुन्हा लावू? नाही लावत. पुन्हा लावला की शिपाई उचलेल आणि म्हणेल, साहेब मीटिंगमध्ये आहेत, वहिनी, काही निरोप? काय निरोप देऊ — दार कापू देत नाही म्हणून सांग? हो, तोच देते! कापू देत नाही मी. एक ढलपीही काढायची नाही. हे दार असंच अडू दे, रोज अडू दे, वरच्या त्या फोन करणाऱ्यांना इथे आणून भर उन्हात ढकलायला लावते, त्यांच्या साहेबी खांद्यांनी. तुम्ही दार छाटलंत की काय राहतं माझ्याकडे दाखवायला? आणि बाकीच्या घरीही जायचं नाही. तुमचं काम जाईल? जाणार नाही, मी सांगते, मीच तर — मी कोण म्हणा सांगणारी. बरं. तुम्ही तुमचं बघा. पण माझ्या घरात रंधा चालणार नाही. ते सामान आवरा. राग तुमच्यावर नाही माझा, तुम्ही पुढ्यात आहात म्हणून तुम्हाला बोलतेय, तो असता तर —

काय झालं? असे उठलात का पटकन? त्या कोपऱ्यात गुडघा टेकला होतात, सामान उचलायला. लागलं काही? काच असेल, कालची, सगळी निघत नाही कितीही झाडली तरी. — काच नाही? मग? गुडघा…

गरम लागलं.

नाही, ते ऊन असेल. खिडकीतून… खिडकीला पुठ्ठा लावलाय. ऊन येतच नाही या कोपऱ्यात. थांबा, मी हात लावून बघते. ठके, उतरू नकोस, मानेला धर माझ्या. — ही लादी गार आहे. ही पण गार. आणि ही — आई ग.

ही इथे झोपते. ऐकताय का, ही इथेच येऊन झोपते रोज. मी सतरंजीवर ठेवते आणि ही रांगत रांगत इथे येते, या कोपऱ्यात, उघड्या लादीवर पोट टेकून झोपते, आणि मी म्हणत होते वेडी आहे पोर, अंथरूण सोडून फरशीवर… कालही इथेच होती. काल रडता रडता इथे आली आणि इथे ऊब लागली म्हणून झोपली. मांजराच्या पिलासारखी. आणि मी दुपटं घालत होते वरून!

हे त्याच्या हिशेबात नाही. जमीन उचलली जाणं होतं, दोन बोटं होती, हे नव्हतं. फुगणं वेगळं हो, फुगते ती खोलवर, वर गरम येत नाही. वर गरम आलं म्हणजे वाफेला वाट सापडली. खाली कुठलं तरी जुनं भोक आहे, आपल्या पायाखाली, या लादीखाली. काल ती नुसती ऊब होती. आज तुम्ही गुडघा टेकवू शकला नाहीत. आणि अजून ऊन उतरलेलं नाही.

उठा. तसे नका बघू, उठा! ती पेटी राहू द्या. रंधा राहू द्या. तुमच्या बापाचा असू दे, राहू द्या! मी बाहेर जाऊन फोन करते — त्याला नाही. काचघरातल्या पोरीला करते, माझ्या हाताखाली शिकलीय, तिला सांगते सगळे आरसे फिरव, सगळे, आत्ता, आणि साहेब काय म्हणतील ते माझ्या नावावर टाक. ती फिरवेल. ती मला वेडी समजत नाही, किंवा समजत असेल, पण फिरवेल. तुम्ही शेजारी जा. वहिनी दुपारच्या शाळेत असतात, घरात त्यांचे सासरे एकटे आहेत, पलंगावरून उठता येत नाही त्यांना. दार ढकला, नाही उघडलं तर खिडकीतून जा, काय फोडायचं ते फोडा. ते शिव्या घालतील. सगळ्यांना घालतात, तुम्हालाही घालतील, कोण रे तू, माझ्या घरात कसा शिरलास म्हणून. समजावत बसू नका त्यांना. मी समजावत बसले इतके दिवस, त्याचं काय झालं ते बघताय ना? उचला आणि रस्त्यापलीकडे न्या. — मी येते. दुपटं घेते फक्त आणि — नाही. नको. काही नको. ठके, घट्ट धर. तुम्ही अजून इथेच? जा म्हटलं ना! जा!